पाच गळे आणि एक व्हॅन: व्होकल जॅझ ग्रुपबरोबरचे दौरे

तंबोरी

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज दोन दिवसांची सुट्टी मिळाली म्हणून बसले. मी साउंड इंजिनियर आहे, मूळची मिरजेची, गेली सहा वर्षं जर्मनीत असते आणि त्यातली चार एका व्होकल जॅझ ग्रुपबरोबर फिरतेय. पाच जण गातात, सगळ्यात वरच्या आवाजापासून खालच्यापर्यंत सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन आणि बास, सहावी मी. ग्रुपचं नाव लिहीत नाही कारण पुढे त्यांच्या तब्येतीच्या गोष्टी येणारेत आणि त्या त्यांच्या खाजगी आहेत.

लोकांना वाटतं दौरा म्हणजे रोज नवीन गाव, रोज पार्टी. गाव नवीन असतं हे खरं, पण मला गावातलं बहुतेक वेळा हॉटेल, थिएटरचं मागचं दार आणि एखादी बेकरी एवढंच दिसतं. बाकी सगळा दिवस एका गोष्टीभोवती फिरतो, संध्याकाळी आठ वाजता पाच गळे चालले पाहिजेत. सॅक्सोफोनवाला रात्री वाद्य पेटीत बंद करून झोपतो, या लोकांना तसं करता येत नाही, ते वाद्यासकट जेवतात, वाद्यासकट थंडीत उभे राहतात, वाद्यासकट आईशी फोनवर भांडतात. हे मला कळायला पहिलं वर्ष गेलं.

सकाळी नऊच्या सुमाराला व्हॅन सुटते. आमची व्हॅन नऊ सीटची आहे कारण इथे कारच्या साध्या लायसन्सवर ड्रायव्हर धरून नऊ माणसांचीच गाडी चालवता येते, त्यामुळे सहा माणसं आणि मागची सीट काढून तिथे माइकच्या पेट्या, माझा छोटा मिक्सर, सीडी आणि टीशर्टचे खोके. पहिला तासभर कोणी बोलत नाही. नवीन होते तेव्हा मला वाटायचं भांडण झालंय, मी काहीतरी विषय काढायचे, मग बॅरिटोनने एकदा हळूच सांगितलं की सकाळी आवाज जड असतो, उठल्या उठल्या बोललं की दिवसभर भोगावं लागतं. तासाभराने मग बाटल्या निघतात. अर्धी बाटली पाणी, त्यात जाड स्ट्रॉ, आणि स्ट्रॉमधून सूर लावत बुडबुडे काढायचे. पाच बाटल्यांतून पाच सुरांचे बुडबुडे, काचेवर वाफ धरते, बाहेर शेतं पळतायत. याने गळ्यावर ताण न येता स्वरतंतू जागे होतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी फक्त ऐकत राहिले, त्या बुडबुड्यांतही ते नकळत कॉर्ड (एकाच वेळी लागणारे जुळते सूर) धरत होते.

हॉटेलात पोचलं की हीटरवर ओला टॉवेल, कारण हिवाळ्यात इथली खोलीतली हवा इतकी कोरडी असते की सकाळी नाकातून रक्त येतं. दोघांकडे सलाईनची वाफ घ्यायचं छोटं मशीन आहे. जेवण पाचला, कारण प्रयोगानंतर अकराला जेवून लगेच आडवं झालं की ॲसिड वर येतं आणि ते थेट स्वरतंतूंवर जातं, फिरत्या गायकांचे आवाज यानेच सगळ्यात जास्त जातात असं माझं चार वर्षांचं निरीक्षण आहे. रविवारी दुकानं बंद असतात म्हणून आलं, मध, केळी सगळं शनिवारी घेऊन ठेवायचं, ते काम माझं.

आणि एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, की प्रयोगापेक्षा प्रयोगानंतरचा अर्धा तास घातक. बाहेर सीडीच्या टेबलाशी लोक येतात, दोनशे लोकांचा गलका, त्यात प्रत्येकाशी प्रेमाने बोलायचं तर आवाज चढवावाच लागतो. दीड तास गाऊन जेवढा थकत नाही तेवढा गळा तिथे थकतो. आता आम्ही टेबल मोठ्या दालनात न ठेवता एका कोपऱ्यात, शक्यतो जिथे पडदे किंवा गालिचा असेल तिथे ठेवतो.

विचारा काही विचारायचं असेल तर. साउंडचं वेगळं लिहीन.

रात्रपाळी

वाचतोय. एक बेसिक प्रश्न, व्होकल जॅझ म्हणजे नक्की काय, बँड नसतो का?

तंबोरी

@रात्रपाळी, कधी असतो कधी नसतो. आमच्यात बहुतेक वेळा नसतो, बास गायक डबल बास या वाद्याचं काम करतो आणि टेनर तोंडाने ड्रम. मुख्य गोष्ट म्हणजे चार-पाच आवाज एकमेकांना चिकटून गातात, म्हणजे एका सप्तकाच्या आतच चार सूर, त्यातले दोन अगदी शेजारचे. एकाचा जरी आवाज हलला, कंप जास्त आला, 'आ' जरा उघडा लागला, तर कॉर्ड फाटतो. फोर फ्रेशमेन नावाचा ग्रुप १९४८ मध्ये इंडियानापोलिसच्या कॉलेजात सुरू झाला, तो आजही फिरतोय, माणसं सगळी बदललीत पण आवाजाची बांधणी तीच. त्यांच्यापासून ऐकायला सुरुवात करा.

आणि दुसरा प्रकार व्होकलीज, म्हणजे आधी वाजवलेला, रेकॉर्ड झालेला वाद्याचा सोलो घ्यायचा आणि त्याच्या प्रत्येक सुराला शब्द द्यायचे. आपल्याकडे जुन्या बंदिशींच्या चालींवर नाट्यपदं बांधली ना, थोडं तसं, फक्त इथे तानेलासुद्धा शब्द. यातले मोठे लोक लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि रॉस. १९५७ साली त्यांनी काउंट बेसीच्या बँडचे तुकडे गळ्यावर घ्यायचे ठरवले, आधी मोठा कोरस बोलावला होता पण त्या कोरसला जॅझच्या लयीत झुलता येईना, म्हणून तिघांनीच एकावर एक थर रेकॉर्ड करत अख्खा बँड गायला.

बाल्कनीतला

ताई, फार आवडलं. मी अकरा वर्षं व्यावसायिक नाटकाच्या बॅकस्टेजला होतो, प्रकाशयोजनेचं ऑपरेटिंग. बसमध्ये पहाटे सगळे झोपलेले, पुढे ड्रायव्हर आणि एकटा मी जागा, असं किती वेळा झालंय. पण आमचे नट बसमध्ये गप्प बसलेले मी कधी पाहिले नाहीत, गाण्याच्या भेंड्या, पत्ते, राजकारण, सगळं मोठ्या आवाजात आणि मग तिसऱ्या अंकात घसा बसला की खडीसाखर आणि ज्येष्ठमध. हे स्ट्रॉचं आमच्या एका ज्येष्ठ नटाला सांगणार आहे.

प्रयोग संपवून रात्रीच निघायचो आम्ही, सांगली करून पहाटे सोलापूर. तुम्ही पण रात्रीच निघता का? आणि आमच्याकडे प्रयोगामागे नाईट (त्या प्रयोगाचे पैसे) मिळते, तुमच्यात कसं? सांगायचं नसेल तर राहू दे.

तंबोरी

@बाल्कनीतला, सांगते की, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्यातही नाईटच आहे, शब्द नाही एवढंच. थिएटरकडून जी रक्कम येते त्यातून हॉटेल, डिझेल, एजंटचा वाटा काढायचा आणि उरलेल्याचे सहा समान भाग. सहावा माझा, हे या ग्रुपने पहिल्या दिवसापासून केलं आणि याचं मोल मला माहीत आहे कारण आधी जिथे काम केलं तिथे साउंडवाल्याला पाण्याची बाटलीसुद्धा विचारत नसत. बाहेर असताना जेवणाचा रोजचा भत्ता वेगळा. महिन्याला बारा प्रयोग झाले तर बरं चालतं, जानेवारी आणि जुलै-ऑगस्ट कोरडे असतात, तेव्हा हे लोक शाळांत, कॉयरना शिकवतात आणि मी दुसरीकडे कामं घेते.

रात्री निघायचं नाही. हा आमचा नियम आहे आणि तो कोणी मोडायला गेलं तर मी किल्ली देत नाही. या गाण्याच्या इतिहासातच दोन अपघात आहेत जे आमच्या बासला तोंडपाठ आहेत. वर ज्यांचं नाव लिहिलं ते डेव्ह लॅम्बर्ट, १९६६ मध्ये कनेक्टिकटच्या हायवेवर कडेला टायर बदलत होते आणि ट्रकने उडवलं, जागीच गेले. आणि मॅनहॅटन ट्रान्सफर या दुसऱ्या व्होकल ग्रुपची लॉरेल मासे, १९७८ मध्ये कारच्या अपघातात इतकी जखमी झाली की परत ग्रुपमध्ये आली नाही, तिच्या जागी शेरिल बेंटीन आली. लॉरेल मासेची आणि ग्रुप सुरू करणाऱ्या टिम हाउझरची ओळख कुठे झाली तर तो न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवायचा तेव्हा ती त्याच्या टॅक्सीत बसली, त्यातून १९७२ मध्ये ग्रुप उभा राहिला. गाडीत सुरू झालं आणि तिचं गाडीतच संपलं. मला ही गोष्ट नेहमी व्हॅनमध्ये बसल्यावर आठवते.

सांगली-सोलापूर रात्री केलंय मी लहानपणी एसटीने, त्या रस्त्यावर तुम्ही प्रयोग करून पहाटे पोचायचात हे वाचून काळजात चर्र झालं.

षड्ज_पंचम

मी पुण्यात गाणं शिकवते, जॅझमधलं मला फार कळत नाही, पण एक शंका. आपल्याकडे तंबोरा असतो, तो षड्ज सोडू देत नाही. तुमच्या पाच जणांना मागे काहीच नाही तर ते सुरावर कशाच्या जोरावर राहतात? आणि ते पियानोच्या सुरात गातात की आपल्यासारखे नैसर्गिक?

तंबोरी

@षड्ज_पंचम, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत, याच्यावर आमच्या व्हॅनमध्ये तासन्‌तास बोलणं होतं (दुपारनंतर, आवाज मोकळे झाल्यावर).

मी मिरजेत वाढले, शाळेच्या वाटेवर तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं, मंगळवेढ्याकडचे भोपळे छताला टांगलेले, आणि दिवसभर कोणीतरी जवारी काढत (तारेचा झंकार जुळवत) बसलेलं. तारेखाली दोरा सरकवायचा, छेडायचं, परत सरकवायचा, आणि एका क्षणी तारेतून तो गांधार उमटतो जो कोणी वाजवलेलाच नाही. स्वयंभू गांधार. तो माझ्या कानात लहानपणापासून आहे. सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं माप, पियानोचा गांधार षड्जापासून ४०० सेंट वर असतो, हा ३८६ च्या आसपास, म्हणजे १४ सेंट खाली. ऐकायला किती कमी, पण एकदा कान लागला की पियानोचा गांधार टोचतो.

आता गंमत बघा, हे पाच जण पियानोशिवाय एखादा साधा मेजर कॉर्ड लांब धरतात तेव्हा आपोआप खालच्या गांधारावर येऊन बसतात. कोणी ठरवत नाही. आणि बसले की एक सहावा आवाज ऐकू येतो, वर कुठेतरी, कोणी न गायलेला, मी मिक्सरवर असते आणि मला तो हेडफोनमध्ये लख्ख ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला एकदम घरी गेल्यासारखं वाटलं, मिरजेतल्या त्या दुकानाच्या पायरीवर.

पण जॅझमध्ये कॉर्ड साधा राहत नाही ना. त्यात मूळ सुरापासून मोजत सातवा, नववा, तेरावा सूर येतो, सगळेच्या सगळे एकमेकांशी शुद्ध लागूच शकत नाहीत, कोणीतरी सरकून घ्यावं लागतं. मग बास आणि पंचम घट्ट धरायचे आणि बाकीच्यांनी त्या दोघांकडे कान ठेवून आपली जागा शोधायची. दर कॉर्डला. सेकंदात दोन-दोनदा. म्हणून सूर हळूहळू घसरतो, चार मिनिटांचं गाणं कधी कधी पाव स्वर खाली संपतं, श्रोत्यांना कळत नाही कारण सगळे एकत्र उतरलेले असतात. ज्या गाण्याच्या मध्येच पियानो येणार असतो तिथे मात्र हे चालत नाही, तिथे टेनरच्या कानातल्या मॉनिटरमध्ये (स्टेजवर गाताना ऐकायचा छोटा इअरफोन) मी मधूनमधून बारीकसा सूर सोडते, फक्त त्याला, आणि बाकीचे त्याला धरून राहतात.

कानातल्या मॉनिटरमध्ये प्रत्येकाला वेगळं मिश्रण असतं. बासला स्वतःचा आवाज जवळजवळ नको असतो, सोप्रानोला आल्टो सगळ्यात मोठा हवा. चार वर्षांत मला कळलंय की कोण कोणावर टेकून गातो. सोप्रानो आल्टोवर टेकते.

सुपारीची_बाग

मी मडगावचा. आमच्या घरात आजोबा व्हायोलिन वाजवायचे, चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) शिकलेले, नंतर मुंबईला हॉटेलांतल्या बँडांत. गोव्याच्या कितीतरी वादकांनी मुंबईचा जॅझ उभा केला, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही नावं आमच्या घरात पाहुण्यांसारखी घेतली जायची. गळ्यावरच्या हार्मनीचं म्हणाल तर आमचा मांडो (गोव्याचं कोंकणी गाणं) दोन आवाजांतच म्हणतात, वरचा आणि खालचा, तिसऱ्या सुराच्या अंतराने सोबत चालतात, मागे व्हायोलिन आणि घुमट हे मातीचं तालवाद्य. माझी आई खालचा म्हणते आणि आत्या वरचा. आत्या आजारी असली की आई एकटी मांडो म्हणतच नाही, म्हणते अर्धं दार उघडं ठेवल्यासारखं वाटतं.

म्हणून विचारतो, तुमच्यात एकजण आजारी पडला तर काय करता? प्रयोग रद्द?

तंबोरी

@सुपारीची_बाग, अर्धं दार उघडं ठेवल्यासारखं. हे मी आमच्या आल्टोला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. कारण तिचंच झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये, उत्तरेकडच्या एका गावात, चर्चमध्ये प्रयोग, चारशे तिकिटं गेलेली. सकाळी नाश्त्याला आली आणि बसायच्या आधी फोन माझ्यापुढे धरला, त्यावर टाइप केलेलं, 'आवाज नाही'. कुजबुजली सुद्धा नाही, कारण कुजबुजण्याने गळा आणखी ताणला जातो हे तिला माहीत होतं. मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. नळी घालून स्वरतंतू स्क्रीनवर दाखवले, एरवी पांढरे असतात ते लाल आणि फुगलेले. तीन दिवस एक शब्द नाही, म्हणाले.

साडेबाराला आम्ही सहा जण त्या चर्चमध्ये कोट घालून बसलो, आत थंडी मरणाची. तिचा सूर काढला तर काय राहतं? या गाण्यात मधल्या आवाजाकडे बहुतेक वेळा तिसरा किंवा सातवा सूर असतो, आणि कॉर्डचा रंग तिथेच असतो, आनंदी की उदास, थांबलेला की पुढे जाऊ बघणारा, ते हे दोन सूर सांगतात. पाचवा सूर नसला तर चालतो. तर बॅरिटोनने ठिकठिकाणी आपला पाचवा सूर सोडून आल्टोचा उचलायचा, काही जागी टेनरने, आणि टेनर ड्रम करत असेल तिथे ड्रम बंद. चर्चमध्ये तसेही ड्रम चिखल होतात, पाच-सहा सेकंद आवाज घुमत राहतो. अठरा गाण्यांपैकी दहाच ठेवली. चार तास लागले. आल्टो पहिल्या बाकावर पाटी-पेन्सिलसारखी वही मांडीवर घेऊन बसली होती, कोणी चुकीचा सूर उचलला की हात वर करायची आणि वहीत पाच रेघा ओढून बरोबर सूर दाखवायची. एकदाही चिडली नाही, आणि एकदाही रडली नाही, ते मला जास्त लागलं.

प्रयोगाला ती माझ्या शेजारी मिक्सरपाशी बसली. सुरुवातीलाच टेनरने लोकांना सरळ सांगितलं की आज आम्ही चौघं आहोत. तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे, सगळे थांबतात, दोन मात्रा शांतता, आणि आल्टो एकटी आत येते. ती जागा आता टेनरची होती. दोन मात्रा गेल्या. माझ्या उजव्या बाजूला मला स्पष्ट ऐकू आला, तिने श्वास घेतला. अख्खा, पोटापासून. आणि मग दोन्ही हात तोंडावर. टेनरने सूर लावला होता तोवर, जरासा उशिरा, आणि गाणं पुढे गेलं. तिचे हात शेवटपर्यंत तोंडावरच होते.

चौथ्या दिवसापासून आठवडाभर बदली गायिका आली, ट्रेनने, रात्रभर रेकॉर्डिंग ऐकत. असे बदली लोक या गाण्यात फार कमी आहेत कारण नोटेशन वाचणं सोपं, दुसऱ्याच्या आवाजात मिसळणं अवघड. मी तेव्हा योलांड बावनबद्दल वाचलं. १९६२ मध्ये लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि रॉसमधून ॲनी रॉस बाहेर पडली तेव्हा तिच्या जागी आली ती कोलंबोत वाढलेली योलांड बावन, आणि ग्रुपचं नावच लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि बावन झालं. आपल्या शेजारची बाई, न्यूयॉर्कला जाऊन, दुसरीच्या गळ्यासाठी बांधलेलं ते सुसाट शब्दांचं गाणं रोज रात्री गात होती. तिचं रेकॉर्डिंग मिळालं तर नक्की ऐका, आपल्याकडे तिचं नाव कोणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. आणि मॅनहॅटन ट्रान्सफरमध्ये २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये टिम हाउझर गेला, ज्याने ग्रुप सुरू केला तोच, तिथे ट्रिस्ट कर्लेस उभा राहिला, आणि ते पुढे नऊ वर्षं गायले, शेवटचा प्रयोग १५ डिसेंबर २०२३ ला लॉस एंजेलिसच्या वॉल्ट डिस्नी कॉन्सर्ट हॉलमध्ये.

रात्रपाळी

दोन मात्रांची ती जागा वाचताना मीपण श्वास रोखला होता. आता कशी आहेत त्या?

तंबोरी

@रात्रपाळी, छान गातेय. पण त्या गाण्याच्या त्या जागेच्या आधी मी आजही मिक्सरवरून मान वर करून तिच्याकडे बघते.

नवखी

ताई, मी मुंबईत साउंड शिकतेय, दुसरं वर्ष. अशा ग्रुपबरोबर काम करायचं तर काय करावं? आणि व्हिसाचं कसं?

तंबोरी

@नवखी, व्हिसाचं आधी. टुरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही, आणि शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) कुठल्याही १८० दिवसांत ९० च दिवस. माझं इथे शिक्षण झालं म्हणून रेसिडन्स परमिट आहे. आमचा बास ब्रिटिश आहे, २०२१ पासून त्यालासुद्धा ते ९० दिवस मोजावे लागतात, त्याच्या डायरीत गाण्यांपेक्षा तारखाच जास्त असतात. म्हणून शिकायला यायचा मार्ग बघ, तो सगळ्यात सरळ.

कामाचं म्हणशील तर आधी माइकशिवाय ऐकायला शिक. कुठल्याही कॉयरच्या रिहर्सलला जाऊन बस, डोळे मिट आणि एकच आवाज धरून ठेव, मधला, कारण वरचा आणि खालचा कोणालाही ऐकू येतो. तो मधला सापडायला लागला की फेडर (मिक्सरवरचं आवाज कमी-जास्त करायचं सरकतं बटण) कुठे ठेवायचा ते हाताला कळतं. आणि बॅटऱ्या दर प्रयोगाआधी बदल, अर्धी भरलेली दिसली तरी बदल. देश बदलला की वायरलेस माइकची फ्रिक्वेन्सी बदलते, ते आदल्या दिवशी तपास.

@सुपारीची_बाग, तुम्ही पाठवलेलं आई आणि आत्याचं रेकॉर्डिंग काल व्हॅनमध्ये लावलं. तीनदा लावायला लावलं सगळ्यांनी. आल्टोने खालचा आवाज लगेच धरला, शब्द कळत नसताना, आणि टेनर म्हणाला याच्यात तिसरा आवाज कोणी घालू नका, दोनच पुरे. एक विचारायचंय, दुसऱ्या कडव्यात शेवटाकडे वरचा आवाज अचानक खाली उतरून आईच्या आवाजाला मिळतो, तशीच चाल आहे की आत्यांचा श्वास कमी पडला? सोप्रानोला ते तसंच ठेवायचंय पण आधी विचार म्हणाली.

सुपारीची_बाग

आत्याला फोन करून विचारलं. तिला ८१ वर्षं आहेत. म्हणाली पूर्वी वर राहायचा तो सूर, आता पोचत नाही म्हणून आईपाशी येते. आई मागून म्हणाली, मग आता तसंच म्हणायचं.

तंबोरी

सोप्रानोला सांगते.